हिवाळ्यातलं वाळवंट, रात्र आणि पांढरी पडलेली लेन्स

वाळूवाट

मंडळी, डिसेंबरच्या अमावास्येला धरून वाळवंटात दोन रात्री काढून आलो. पहिली रात्र पूर्ण वाया गेली आणि दुसऱ्या रात्री ढग आले. पहिली रात्र कशामुळे वाया गेली हे मला अजून नीट उमगलेलं नाही, म्हणून जसं घडलं तसं सगळं लिहितो.

डोक्यात एकच चौकट होती. वाळूच्या टेकडीची धार डावीकडून उजवीकडे उतरत आलेली, पुढ्यात वाऱ्याने उमटवलेल्या लाटा आणि धारेवर नुकतं उगवलेलं मृग नक्षत्र. संध्याकाळी बऱ्यापैकी वारा होता, म्हणून दोन टेकड्यांमधल्या खळग्यात ट्रायपॉड रोवला. तिथे पानही हललं नसतं इतकं शांत होतं. २० मिमीची लेन्स, तिचं छिद्र एफ २.८, सेन्सरची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ ३२००, शटर २० सेकंद उघडं. रोहिणीवर फोकस केला, फोकस रिंगला चिकटपट्टी लावली आणि सलग फोटो सुरू केले.

पहिला तासभर फोटो सुरेख आले. साडेनऊनंतर तारे फुगायला लागले आणि रोहिणीभोवती तांबूस वलय दिसू लागलं. मला वाटलं फोकस सरकला. चिकटपट्टी काढून पुन्हा फोकस केला, मग पुन्हा एकदा केला. अकरा वाजता सहज लेन्सला बोट लागलं तर ओलं! रुमालाने पुसलं, दहा मिनिटांत परत तेच. एकच्या सुमारास लेन्सवर दव गोठून पांढरा थर बसला. बॅटरी ४० टक्के दाखवत असताना कॅमेरा बंद पडला. गारठून तंबूत आलो, आत ऊब होती, कॅमेरा बॅगेतून काढला आणि बघता बघता तो सगळा घामेजल्यासारखा ओला झाला.

वाळवंटातली हवा एवढी कोरडी असते, दुपारी ओठ फुटत होते. मग हे दव आलं कुठून? फेब्रुवारीच्या अमावास्येला पुन्हा जायचं ठरवलंय. ही चौकट मला हवीच आहे.

दहिवर

वाळूवाट, तुमची जागा चुकली. जी जागा निवाऱ्याची म्हणून निवडलीत, तीच त्या परिसरातली सगळ्यात थंड जागा होती.

आकाश निरभ्र आणि हवेत बाष्प कमी असलं की सूर्य मावळल्यावर जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते, तिला अडवायला काही नसतं. वाळूतून उष्णता फार हळू वाहते, त्यामुळे खालची ऊब वर येत नाही आणि वरचा थर झपाट्याने गार पडतो. त्याला टेकलेली हवाही गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून वाहत खळग्यात साठते. वारा नसेल तर ती तिथेच बसून राहते. पुढच्या वेळी रात्री दहाला खळग्यातून टेकडीच्या माथ्याकडे चालत जा. वीस-पंचवीस मीटर चढलात की गालांना फरक कळतो. खाली पाठीवरच्या पिशवीला दहिवर आलेलं आणि वर खांद्यावर सगळं कोरडं ठणठणीत, हे मी दोनदा अनुभवलंय.

आता कोरड्या हवेचं. दुपारी २५ अंश आणि आर्द्रता २२ टक्के असेल तर ती हवा कोरडीच म्हणायची. पण तिचा दवबिंदू साधारण २ अंश येतो. म्हणजे एखादी वस्तू २ अंशांपर्यंत गार झाली की तिच्यावर पाणी धरणार. हिवाळ्यात तेवढं तापमान रात्री सहज उतरतं. शिवाय तुमची लेन्स आकाशाकडे तोंड करून बसलेली असते. ती आपली उष्णता थेट आकाशाला देते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश गार होते. उघड्यावर उभ्या गाडीच्या टपावर दव पडतं आणि दारांवर कमी पडतं, त्याचं कारण हेच. हवा ५ अंशांवर असतानाच लेन्सची काच २ वर पोचलेली असू शकते. आदल्या एक-दोन दिवसांत पावसाची सर येऊन गेली असेल तर दवबिंदू आणखी वर असतो आणि लेन्स आणखी लवकर भिजते.

उपाय तीन. एक, टेकडीच्या खांद्यावर, मंद झुळूक असेल अशा जागी उभे राहा. वाऱ्याला घाबरू नका, थोडा वारा लेन्स कोरडी ठेवतो. दोन, लेन्सला गुंडाळायची हीटरची पट्टी मिळते, यूएसबीवर चालणारी, साधारण ५ ते १० वॅटची. ती पुढच्या काचेच्या जितकी जवळ बांधता येईल तितकी बांधायची आणि दव पडायच्या आधीच चालू करायची. काच एकदा भिजली की ती वाळवायला फार वेळ जातो. तीन, लेन्स हूड कायम लावलेला हवा, त्याने काचेला दिसणारं आकाश कमी होतं.

आणि कृपा करून रुमालाने पुसू नका. वाळूचा एक कण आणि ओली काच, एवढ्यात कायमचा ओरखडा उठतो. तोंडाने फुंकही मारू नका, श्वासातली वाफ तिथेच गोठते. हाताने दाबायचा ब्लोअर वापरा.

त्रिकांड

दहिवरताईंनी दवाचं सगळं सांगितलंच आहे. पण तुम्हाला फोकस सरकल्याचा संशय आला तोही अगदीच निराधार नाही. लेन्स गार होते तशी आतले भाग किंचित आकसतात आणि अनंतावरचा फोकस खरंच हलतो. म्हणून कॅमेरा बाहेर ठेवून अर्धा-पाऊण तास त्याला हवेच्या तापमानाला येऊ द्या, मग फोकस करा आणि दर तासाला लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं थेट दृश्य, मोठा करून तपासा. दोन्हींतला फरक ओळखायचा तर फोकस हलला की सगळे तारे सारखेच जाड होतात. दव धरलं की मंद तारे नाहीसे होतात आणि ठळक ताऱ्यांभोवती वलय येतं. तुमच्या वर्णनात वलय आहे. शंका आली की लाल टॉर्च बाजूने, तिरकी, काचेवर धरा. दव असेल तर लगेच चमकतं.

आता एक वाईट बातमी. फेब्रुवारीत तुम्हाला ही चौकट मिळणार नाही.

तारे रोज जवळजवळ चार मिनिटं लवकर उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. डिसेंबरात रात्री आठला जे दृश्य पूर्वेला दिसत होतं ते फेब्रुवारीत दुपारी चारला असेल, उन्हात. अंधार पडेल तेव्हा मृग डोक्याजवळ चढलेलं असेल. पण तेच मृग मध्यरात्रीनंतर पश्चिमेला मावळतं. उगवताना बाणाचे तीन तारे एकावर एक उभे दिसतात, मावळताना ते जवळजवळ आडवे होतात. वाळूच्या आडव्या धारेवर आडवा बाण! मला तरी ही चौकट तुमच्या पहिल्या चौकटीपेक्षा सरस वाटते. तेव्हा पश्चिमेकडे तोंड असलेली धार शोधा.

त्याच जागेवरून आणखी एक गोष्ट मिळेल. उत्तर गोलार्धात फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी, संधिप्रकाश संपल्यावर, पश्चिम क्षितिजावरून वर निमुळता होत गेलेला एक फिकट शंकू दिसतो. त्याला राशिचक्रीय प्रकाश म्हणतात. ग्रह ज्या पातळीत फिरतात तिथल्या बारीक धुळीवरून परावर्तित झालेला तो सूर्यप्रकाश असतो. गावाच्या दिव्यांजवळ तो दिसतच नाही. वाळवंटात तो कृत्तिकांच्या आसपासपर्यंत चढलेला मी पाहिलाय आणि पहिल्यांदा दिसला तेव्हा दूरच्या शहराचा उजेड समजून चक्क कॅमेरा दुसरीकडे वळवला होता. तसं करू नका.

संथ_शटर

बॅटरीबद्दल. ती संपली नव्हती. थंडीत लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज पडतं आणि कॅमेऱ्याला वाटतं की संपली. खिशात ऊब दिलीत तर तीच बॅटरी पुन्हा चालते. तीन बॅटऱ्या ठेवा, दोन कायम आतल्या कपड्यांत अंगाशी. पॉवर बँकही पिशवीत उघड्यावर टाकू नका, लोकरी टोपीत गुंडाळा. एक मात्र लक्षात ठेवा, शून्य अंशांखाली गेलेली बॅटरी गरम झाल्याशिवाय चार्ज करायची नाही. आत लिथियमचा थर चढतो आणि ती कायमची बिघडते.

तंबूतल्या घामाचं सोपं आहे. बाहेर असतानाच कार्ड काढून घ्या, मग कॅमेरा झिपच्या जाड प्लास्टिक पिशवीत बंद करा, शक्य तितकी हवा काढा आणि मगच आत न्या. पाणी पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरेल. दोन तास पिशवी उघडायची नाही. फोटो बघायची कितीही घाई असली तरी नाही, म्हणून तर कार्ड आधी काढायचं.

आता माझा मूळ आक्षेप. अमावास्येचाच हट्ट कशाला? लाटा हव्यात म्हणता आणि उजेडच नाही अशी रात्र निवडता. वाळूच्या लाटा दिसतात त्या सावलीमुळे. शुद्ध चतुर्थी-पंचमीची कोर पश्चिमेला खाली उतरलेली असताना बाजूने जो उजेड पडतो, त्यात प्रत्येक लाटेची एक बाजू उजळते आणि दुसरी काळी राहते. चंद्र मावळला की आकाश पुन्हा काळंभोर. एकाच रात्रीत दोन्ही मिळतात.

पौर्णिमा मात्र टाळा. हिवाळ्यातला पूर्ण चंद्र उत्तर गोलार्धात फार उंच चढतो, मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर. टिपूर चांदणं पडलेलं असतं, डोळ्यांना सुख वाटतं, पण फोटोत वाळू सपाट होते. लाटा पुसल्या जातात.

त्रिकांड

संथ_शटर, लाटांचं तुमचं म्हणणं मान्य. पण राशिचक्रीय प्रकाश हवा असेल तर पश्चिमेला कोर नकोच, ती त्याच शंकूत बसेल. आणि अमावास्येच्या रात्री वाळवंट काळं नसतं. मराठीत आपण चंद्राच्या उजेडाला चांदणं म्हणतो आणि ताऱ्यांच्या गर्दीलाही चांदणंच म्हणतो. दुसऱ्या चांदण्याचा उजेड किती असतो हे खऱ्या काळोखात अर्धा तास बसल्याशिवाय कळत नाही. डोळे सरावले की वाळू स्वतःच फिकट दिसायला लागते, आपलं पाऊल कुठे पडतंय ते कळतं. चार-पाच मिनिटांचं एक्स्पोजर दिलंत की तो उजेड पुरतो.

त्या लांब एक्स्पोजरमध्ये क्षितिजाजवळ हिरवट पट्टे आले तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, बिघडला असं समजून ते पुसू नका. जमिनीपासून ९५ ते १०० किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनची ती स्वतःची प्रभा असते, ५५७.७ नॅनोमीटरची हिरवी. एअरग्लो म्हणतात तो हाच.

रिकामी_चौकट

मी या विषयात अगदी नवी आहे, तरी दोन प्रश्न विचारते. हीटरची पट्टी नसेल तर हात गरम ठेवायच्या पुड्या लेन्सला बांधून चालेल का? आणि तारे ठिपक्यासारखे यावेत म्हणून जास्तीत जास्त किती सेकंद द्यायचे यासाठी ५०० भागिले फोकल लेंग्थ हा नियम लावला तर २० मिमीला २५ सेकंद येतात, तेवढे दिले तरी माझे तारे लांबट का येतात?

दहिवर

चालेल. मोज्याचा वरचा भाग कापून तो लेन्सवर चढवायचा आणि त्यात दोन पुड्या सरकवायच्या. त्या पुड्यांत लोखंडाची भुकटी असते, ती हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावते तेव्हा उष्णता निघते. म्हणून प्लास्टिकमध्ये घट्ट बांधल्या तर विझतात. मोजा विणलेलाच हवा. मोजा फोकस रिंगवर आला तर ती हलणार नाही, एवढं पाहा.

त्रिकांड

रिकामी_चौकट, तो नियम फिल्मच्या काळात ठीक होता. ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २० मिमी लेन्सने २५ सेकंदांत खगोलीय विषुववृत्तावरचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात येणाऱ्या रेषेवरचा) तारा साधारण ८ पिक्सेल सरकतो. मृगातला बाण नेमका विषुववृत्तालगत आहे, त्यामुळे तिथे रेघ सगळ्यात लांब येते. ध्रुवताऱ्याजवळ तेवढ्याच वेळात काहीच कळत नाही. मृग टिपायचं तर १० सेकंदांच्या आसपास राहा आणि एकामागून एक १६ फोटो काढून संगणकावर एकत्र करा. १६ फोटोंच्या सरासरीने नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, चौपट कमी होतो. थंडीचा इथे फायदाच आहे. सेन्सर गार असला की त्याचा उष्णतेचा नॉइज बराच खाली येतो. उन्हाळ्याच्या रात्री काढलेला फोटो आणि हिवाळ्यातला फोटो शेजारी ठेवा, सावल्यांमध्ये फरक दिसेल.

उत्तररात्र

मी उंचावरच्या शीत वाळवंटात बऱ्याच रात्री काढल्या आहेत, तिथे उणे वीस नेहमीचंच. कॅमेऱ्याबद्दल सगळे बोललात, माणसाबद्दल कुणीच नाही, म्हणून लिहितो.

फोटोग्राफर गारठतो तो उभा राहून. चढताना घाम येतो, माथ्यावर पोचून तो उभा राहतो आणि तोच घाम पाठीवर थंड होतो. चढताना एक कपडा कमी ठेवा, वर पोचल्यावर अंगात घाला. सुती बनियन नको, ते ओलं राहतं. हातमोजे दोन थरांचे, आतला पातळ, त्याने बटणं दाबता येतात. धातूच्या ट्रायपॉडला उघडा हात लावू नका. पायाखाली फोमचा तुकडा टाका, वाळू तळव्यांतली ऊब ओढून घेते. बोलताना जीभ जड झाली, साधी गाठ सुटेना, तर फोटो सोडून परत फिरा. तेव्हा आपल्याला आपण ठीक आहोत असंच वाटत असतं.

तंबूची जागा जीपीएसवर खूण करूनच निघा. रात्री सगळ्या टेकड्या सारख्या दिसतात आणि वारा आपलीच पावलं पुसून टाकतो.

वाळूत ट्रायपॉड कसा रोवायचा? पाय मुरगाळत आत दाबायचे, हाताला घट्ट थर लागेपर्यंत. तरी तो रात्रभर सूक्ष्म खचतो. बॅग खाली लटकवली तर वाऱ्यात झुलते, ती जमिनीला टेकलेली हवी. खालचा जोड वाळूत जाऊ देऊ नका, त्यासाठी सगळ्यात खालचा भाग आधी वीतभर बाहेर काढा.

वारा वाढला की लाटांसाठी कॅमेरा खाली आणायचा मोह आवरा. वाळूचे कण हवेत तरंगत नाहीत, उड्या मारत जातात. वाळूच्या हालचालीचा अभ्यास करणाऱ्या राल्फ बॅग्नॉल्ड यांनी पवनबोगद्यात हे तपासून दाखवलं होतं. बहुतेक वाळू गुडघ्याखालीच धावत असते. कमरेवर कॅमेरा ठेवला तर बराच वाचतो. लेन्स बदलणं तर विसराच.

कधी नशिबाने वाळूवर बर्फ पडलं तर सगळं सोडून निघा. २०१६ च्या डिसेंबरात अल्जीरियातल्या ऐन सेफ्राजवळ सहाराच्या टेकड्यांवर बर्फ पडलं होतं. गोबीत तर ते दर हिवाळ्यात दिसतं. वाळवंटाच्या रात्री बर्फ म्हणजे फुकट मिळालेला उजेड, समोरची जमीन ताऱ्यांच्या प्रकाशातही उठून दिसते.

संथ_शटर

उत्तररात्र, खचण्याचं अगदी बरोबर. म्हणूनच मी निळ्या संधिप्रकाशात जमिनीचा फोटो आणि चार तासांनी त्याच ट्रायपॉडवरून आकाशाचा फोटो, असा जोड करायचं सोडलं. कडा जुळतच नाहीत. शिवाय सहाच्या उजेडातली जमीन आणि रात्री एकचं आकाश, अशी वेळ कधी नव्हतीच. मला तो फोटो आपला वाटत नाही.

दहिवर

जोड मी करते, आणि तसं लिहिते. २० मिमी, एफ २.८ ला फोकस अनंतावर ठेवला तर साधारण पावणेपाच मीटरपासून पुढचं स्पष्ट येतं. दीड मीटरवरच्या लाटा धूसरच येणार. त्यासाठी वेगळा फोटो घ्यावाच लागतो. फक्त तो आकाशाच्या आधी किंवा नंतर लगेच घ्यावा, त्याच काळोखात. मग वेळेचं खोटं होत नाही.

वाळूवाट, अजून एक. पडद्यावर फोटो पाहून उजेड ठरवू नका. काळोखात तो पडदा दिव्यासारखा भासतो आणि फोटो भरपूर उजळ वाटतो. सकाळी बघावं तर सगळं काळं. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघा आणि पडद्याची चमक अगदी कमी करा.

वाळूवाट

फेब्रुवारीच्या अमावास्येला पुन्हा वाळवंटात जाऊन आज सकाळी परत आलो. तुम्हा सगळ्यांचे आभार मानायचेत, पण आधी सांगतो काय झालं ते.

दिवसाउजेडी पश्चिमेकडे तोंड असलेली धार शोधली आणि खळगा सोडून टेकडीच्या खांद्यावर, उंचीच्या दोन तृतीयांशावर जागा धरली. आत जायची वाट मुद्दाम मागून घेतली, चौकटीत एकही पाऊल पडू दिलं नाही. एक छोटा तापमापक खाली खळग्यात ठेवला, एक ट्रायपॉडला बांधला. रात्री अकराला खालचा उणे ३ दाखवत होता, माझ्याजवळचा अधिक २. पाच अंशांचा फरक, चालत चार मिनिटांच्या अंतरात! खाली तापमापकाच्या दोरीवर पांढरी लव आली होती, दाताला लागेल अशी करकरीत. वर माझ्या टोपीवरही ओल नव्हती.

साडेसातच्या पुढे तो शंकू दिसला. त्रिकांड, तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मीही शहराचा उजेड म्हणून सोडून दिला असता. तिरका, दुधी, कृत्तिकांकडे झुकलेला. मी दहा मिनिटं कॅमेऱ्याला हात न लावता नुसता बघत राहिलो.

मृगाची वाट एक वाजेपर्यंत पाहिली. बॅटरी दर दीड तासाने बदलली, आतल्या खिशातून. बाण धारेला टेकायला आला तेव्हा खरंच आडवा झाला होता, तिन्ही तारे वाळूला समांतर. १० सेकंदांचे १६ फोटो घेतले, आयएसओ ६४००. त्यानंतर लगेच लाटांवर फोकस आणून चार मिनिटांचा एक, आयएसओ १६००. तेवढ्यातही ट्रायपॉड थोडा खचलाच. धारेपाशी जोड एका केसाने सरकलाय, मोठा करून पाहिलं की दिसतो. तो मी संगणकावर झाकलेला नाही, पुढच्या खेपेला पायांखाली चकत्या लावून बघेन.

लाटा काळ्या आल्या नाहीत. फिकट राखाडी आल्या, प्रत्येकीची कड अगदी किंचित उजळ. संथ_शटर, कोरीच्या उजेडाइतकी धार त्यांना नाही हे कबूल. शुद्ध पंचमीला पुन्हा जाईन. पण या लाटा फक्त ताऱ्यांच्या उजेडातल्या आहेत आणि मला त्या तशाच हव्या होत्या.

संथ_शटर

फोटो मोठा करून पाहिला. खचलेला जोड दिसला. लाटाही दिसल्या. चकत्या लावूनच जा, पण हा फोटो काढून टाकू नका.

रिकामी_चौकट

वाळूवाटदादा, हीटर किती वाजता चालू केलात?

वाळूवाट

सव्वासहाला, सूर्य धारेमागे गेला त्याच क्षणी. लेन्स तेव्हा हाताला अजून कोमट लागत होती.